रुफिजीकाठची चांबो

अल दुहैल, दोहा
१४ जानेवारी २०२५

प्रिय मीनामावशी,

फोनवर माणूस अर्धंच सांगतो असं तू म्हणतेस, म्हणून ही ईमेल, अगदी पत्रासारखी. मला काम मिळालं! आणि कुणाचं, ओळख पाहू. एगॉन वायडेनब्रुखचं. हो, तुझ्याच वायडेनब्रुखचं!

इथल्या एका श्रीमंत गृहस्थांनी जर्मनीतल्या कुठल्याशा गढीतून शिकारीचा अख्खा संग्रह विकत घेतलाय. मुंडकी, कातडी, बंदुका, आणि त्याबरोबर आफ्रिकेतल्या रुफिजी नदीकाठच्या शिकारीवरचं वायडेनब्रुखचं १९११ सालचं पुस्तक. चारशे बारा पानं. त्याची खासगी गॅलरी होणार आहे. मी पुस्तकाचं इंग्लिश करायचं, मग त्यातून भिंतीवरचा मजकूर आणि ऑडिओ गाइड. काम बघणारा डग्लस म्हणून वसईचा आहे. माझं आडनाव ऐकल्याबरोबर मराठीत सुरू झाला.

या शिकाऱ्याचं नाव आज जर्मनीतसुद्धा कुणाला ठाऊक नसेल. पण सांगलीच्या पोरांना आहे, ते तू त्यावरून मुलांसाठी मराठीत केलेल्या 'रुफिजीकाठचे सोबती'मुळे. मी ते किती वेळा वाचलं असेन! सिंहासाठी झाडाला बांधलेली ती चांबो शेळी, ती दोरी कुरतडून पळते आणि वायडेनब्रुख साहेबाची टोपी घेऊन जाते, तिथं मी दरवेळी हसायचे. आता ईशा हसते. आठ वर्षांची झाली, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्लिशमध्येच. तरी जेवायला बसली की 'आई, द गोट वन' ठरलेलं.

सगळा माल सध्या बिरकत अल अवामेरच्या एका गोदामात आहे. आत डांबरगोळ्या आणि कुजक्या पेंढ्याचा वास येतो. तो सिंहही आहे बरं का! पेंढा भरलेला, काचेचे डोळे, एक कान उंदरांनी खाल्लेला. वस्तू साफ करायला हजरा म्हणून टांझानियाची बाई आहे, माझ्याच वयाची. जुन्या कातड्यांना विषारी पावडर असते म्हणून मास्क लावून बसते. पुस्तकातले स्वाहिली शब्द मी तिला विचारणार आहे.

कौशिकचं मेसईदच्या प्लांटवर नेहमीचंच, पहाटेची बस; ईशा उठायच्या आत बाबा गायब. तुझ्या पुस्तकाची पन्नाशी एप्रिलमध्ये ना? कार्यक्रम कसा ठरतोय?

तुझी,
रुचा


सांगली
१८ जानेवारी २०२५

चि. रुचा,

तुझं पत्र वाचलं. जर्मन शिकवलेलं फुकट गेलं नाही याचा आनंद आहे. पण हे काम घेऊ नकोस असं मला वाटतं.

त्याचं जर्मन वाईट आहे. वाक्य अर्धं पान चालतं आणि क्रियापदाशी पोचेपर्यंत वाचणारा दमतो. मूळ पुस्तकात शिकारीची तीच तीच वर्णनं आहेत. मी मुलांसाठी केलं तेव्हा फार छाटावं लागलं. तुला इतर कामं मिळतील. एखाद्या शाळेत जर्मन शिकव.

धोंडीराम प्रकाशक ऐंशीचे झाले तरी उत्साह दांडगा. नवी आवृत्ती रंगीत चित्रांची काढतायत. १३ एप्रिलला हॉल घेतलाय. शाळेतली मुलं चांबोचं नाटक बसवणार आहेत. मला नवी साडी घ्यायला लावली.

ईशाला दुसरी पुस्तकं वाचून दाखव. एकाच गोष्टीचा किती नाद.

मीनामावशी


अल दुहैल
९ फेब्रुवारी २०२५

मावशी,

तू नको म्हणालीस ते बरोबर होतं, पण कारण चुकीचं सांगितलंस. जर्मन वाईट नाही त्याचं. फार चांगलं आहे, स्वच्छ. म्हणूनच मला तीन दिवस जेवण गेलं नाही.

हा माणूस आधी फौजेत होता हे तुझ्या पुस्तकात नाही. आजचं टांझानिया तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होतं; १९०५ च्या उठावानंतर त्यांनी तिथली गावं जाळली, धान्याची कोठारं जाळली, माणसं भुकेनं मेली. हा त्याच रानात शिकार करत फिरतो आणि लिहितो की प्रेतांमुळे सिंह माणसाच्या मांसाला सरावलेत, त्यामुळे 'शिकारीला यंदा बहर आहे'. बहर, मावशी. त्याच्या अकरा कुत्र्यांना नावं आहेत. कुणाची आई कोण, बाप कोण, सगळं लिहिलंय. हमालांना नुसते आकडे.

मग पान एकशे सत्याऐंशी आलं. नरभक्षक सिंह बोकडाला तोंड लावेना, तेव्हा 'आम्ही चांबोला नेलं'. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, आपली शेळी आली. पुढे वाचते तर चांबो बोलत होती. चांबोला हात होते.

मी हजराकडे गेले. ती त्या सिंहाच्या आयाळीतून ब्रश फिरवत होती. विचारलं, "चांबो हे बाईचं नाव असतं का गं तुमच्यात?"

ती म्हणाली, "नाव नाही ते. मासे पकडताना गळाला लावतात ना, ते. आमिष."

तिला वाटलं मी गंमत करतेय. म्हणून मी, मूर्खासारखी, सांगितलं की आमच्याकडे या पुस्तकात चांबो नावाची शेळी आहे, मुलांना फार आवडते. मग जर्मन वाक्यं एकेक करून तिला सांगितली. जळक्या गावातून धरून आणलेली बाई. ओझं उचलेना म्हणून साखळीतून सोडवलेली. तीन दिवस तिला झाडाला बांधून ठेवलं. तिसऱ्या दिवशी सिंह आला. आणि याने लगेच गोळी घातली नाही. कातडं खराब होऊ नये, सिंह स्थिर व्हावा, म्हणून थांबला. 'मी घाई केली नाही,' असं लिहिलंय. अभिमानानं लिहिलंय.

हजराने ब्रश खाली ठेवला. हात पुसले, परत पुसले. मग म्हणाली, "तुमच्या पुस्तकात मुलं हसतात म्हणालीस ना?"

घरी येऊन मी दोनदा आंघोळ केली. तो वास केसांतून जात नाहीये.

मावशी, तुझ्या हातात कुठली प्रत होती? तुला हे माहीत नव्हतं ना?

रुचा


सांगली
१३ फेब्रुवारी २०२५

रुचा,

मला मिळालेली प्रत संक्षिप्त होती, युद्धानंतर जर्मन शाळांसाठी काढलेली. त्यात जे होतं ते मी केलं. शेळी तिथलीच. पन्नास वर्षांपूर्वी पुण्यात जर्मन पुस्तकं किती मिळायची? जे हाती आलं ते आलं.

तू फार मनाला लावून घेतेस. त्या काळची माणसं तशीच होती. त्या बाईला आधीच जबर ताप होता, ती तशीही वाचली नसती. शंभरावर वर्षं झाली. आता उकरून कुणाला काय मिळणार? तुझं काम पुरं कर आणि मोकळी हो. हजराशी या विषयावर बोलू नकोस, तिला त्रास.

इथे गडबड आहे. मुलांची तालीम बघायला बोलावलंय.

मीनामावशी


अल दुहैल
१४ फेब्रुवारी २०२५

मावशी,

तापाचं मी तुला लिहिलंच नव्हतं.

ते फक्त पान एकशे अठ्ठ्याऐंशीवर आहे, मूळ पुस्तकात.

रुचा


सांगली
१० मार्च २०२५

रुचा,

चोवीस दिवस झाले. तुझे तीन फोन आले, घेतले नाहीत. आज लिहिते.

संक्षिप्त प्रत नव्हती. पूर्ण पुस्तक होतं, पुण्यात एका जर्मन मिशनऱ्याच्या सामानाच्या लिलावातलं. मी सव्वीस वर्षांची होते, कॉलेजात नुकती लागले होते. पहिलंच पुस्तक छापून येणार होतं. पान एकशे सत्याऐंशी मी दुपारी जेवण झाल्यावर वाचलं आणि मोरीत जाऊन ओकले. हे खरं आहे. पण त्याचं मला श्रेय नको, कारण ओकून, तोंड धुऊन मी परत टेबलाशी बसले.

धोंडीराम म्हणाले होते, "बाई, काही अडचणीचं असेल तर ते प्रकरण गाळा." गाळलं असतं तर निदान नुसतं गाळलं असतं. पण सिंहाचं तेच एक प्रकरण रंगतदार होतं. ते गेलं तर पुस्तकात राहतं काय? म्हणून मीच सुचवलं की बाईच्या जागी शेळी घालते. ते टाळी देऊन हसले. मलाही माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

शेळीचा खोडकरपणा, दोरी कुरतडणं, टोपी पळवणं, सगळं माझं. लोक त्याच पानांसाठी माझी पाठ थोपटत आले. पुस्तकाला पारितोषिक मिळालं तेव्हा भाषणात परीक्षकांनी तोच उतारा वाचला होता आणि मी पहिल्या रांगेत बसून हसत होते. त्या बाईच्या प्रेतावर चढून मी मुलांना हसवलं. पन्नास वर्षं.

चांबो हे मला नाव वाटलं होतं. गोड वाटलं म्हणून ठेवलं. त्याचा अर्थ मला तुझ्या पत्रातून कळला. त्या दिवसापासून कुणी 'चांबोच्या बाई' म्हणून हाक मारली की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. आणि सांगलीत मला सगळे तशीच हाक मारतात.

तुला खोटं लिहिलं ते घाबरून. तुझ्या नजरेतून उतरेन म्हणून. 'तशीही वाचली नसती' हे त्याचं वाक्य आहे, आणि ते मी माझं म्हणून तुझ्यापुढे ठेवलं. लिहून झाल्यावर कळलं की मी त्याच्या तोंडानं बोलतेय.

उत्तराची घाई नाही.

मीना


अल दुहैल
२४ मार्च २०२५

मावशी,

दोन आठवडे मी काय लिहू ते ठरवत होते. राग गेलेला नाही. तो जाईल असं खोटं सांगणार नाही. पण इकडे जे झालं ते तुला कळायला हवं.

मी पूर्ण भाषांतर डग्लसला दिलं. रमजान असल्यामुळे ऑफिस दोनला सुटतं, तरी तो चारपर्यंत वाचत बसला. दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाला, "अगं बाय, हे भिंतीवर नाय लावता येणार. फॅमिली येणार, शाळेची पोरं येणार. 'नरभक्षक सिंह, रुफिजी, १९०६' एवढं लिहू, खलास."

"आणि ती बाई?"

"बाईचं कोण विचारणार आहे?"

"मी विचारतेय."

त्याने कागद मिटले. म्हणाला, "वाचून मी पण त्या दिवशी जेवलो नाय, आईशप्पथ. पण वरून ऑर्डर आहे. माझा व्हिसा त्यांच्याकडे आहे, तुझ्यासारखा नवऱ्याचा नाय."

"मग मजकुरावर माझं नाव घालू नकोस."

"नाव कुठं घालणार होतो तुझं?" हे त्याने अगदी साधेपणानं विचारलं. मला हसू आलं, आणि त्या हसण्याचीही शिसारी आली. काम सोडलं. मजकूर त्यांनी दोन दिवसांत दुसऱ्या कुणाकडून तरी करून घेतला. पुस्तकात तीन पानं गाळली आहेत हे कुणाला कळणारही नाही.

हजराने त्या दिवसानंतर सिंहाला हात लावला नाही. सुपरवायझरने दोनदा दटावलं, तेव्हा तिने सरळ सांगितलं, "बाकी सगळं पुसते. याला नाही." मग तिच्या कंपनीने तिला एका मॉलमध्ये संडास साफ करायला लावलंय. मी भेटायला गेले, वाईट वाटतंय म्हणाले, तर म्हणाली, "संडास बरा. तो धुतला की स्वच्छ होतो."

मी माफी मागितली. तिने विचारलं, "कुणाची मागतेस? त्या बाईची असेल तर मी ती नाही. मला तिच्या नावाने काही देऊ नकोस." मग ब्रेक संपला म्हणून आत गेली. ती चिडली नव्हती. तिला माझा कंटाळा आला होता, आणि तो मला रागापेक्षा जास्त लागला.

गॅलरी उघडेल तेव्हाच्या सहलीचा फॉर्म ईशाच्या शाळेतून आत्ताच आला. मी सही केली नाही. ती रडली, पाय आपटले. शेवटी मी तिला जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. तिने विचारलं, "सो देअर वॉज नो गोट?"

"नव्हती."

"देन हू रॅन अवे?"

"कुणीच नाही, बाळा."

ती बराच वेळ पोळीचे तुकडे करत बसली, खाल्ले नाहीत. मग आतून तुझं पुस्तक आणून माझ्यापुढे ठेवलं आणि तिच्या खोलीत निघून गेली.

मी तुला काय कर म्हणून सांगणार नाही. १३ तारीख तुझी आहे.

रुचा


सांगली
१६ एप्रिल २०२५

रुचा,

१३ तारखेचं लिहिते.

कार्यक्रम थांबवावा म्हणून आधी धोंडीरामांकडे गेले होते. ते म्हणाले, "पन्नास वर्षं कुणाला त्रास झाला नाही, आता तुम्हालाच का होतोय?" छपाई झाली होती, हॉल ठरला होता. मी म्हटलं, बरं, मग येते.

हॉल भरला होता. पहिली ते चौथीची मुलं. आधी नाटक झालं. एक मुलगी पांढऱ्या कापसाचं अंग लावून चांबो झाली होती, तिने टोपी पळवली तेव्हा छप्पर उडेल इतके हसले सगळे. मग माझ्या हातात माइक आला.

मी मुलांना म्हटलं, "तुम्ही छान काम केलंत. चूक तुमची नाही. या गोष्टीत मी एक खोटं सांगितलं आहे. ती शेळी नव्हती. ती बाई होती, तुमच्या आईसारखी. तिला सिंहासाठी बांधलं होतं आणि ती पळू शकली नाही. मला ते माहीत होतं. मी तिला शेळी केलं, कारण मला माझं पुस्तक हवं होतं."

पुढे बोलणार होते, पण मुख्याध्यापकांनी माइक घेतला. "बाईंचं वय झालंय, उन्हाचा त्रास होतोय," म्हणाले. कुणी तरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मला हाताला धरून खाली उतरवलं. पालकांपैकी एक जण माझ्या जवळून जाताना म्हणाला, "म्हातारीनं पोरांसमोर काय घाण केली." घाण माझीच होती, फक्त जुनी.

कापसाची मुलगी रडत होती. तिच्याकडे जाऊ दिलं नाही मला.

दुसऱ्या दिवशी धोंडीरामांना लेखी कळवलं की हे पुस्तक पुन्हा छापायला माझी परवानगी नाही. छापलेली आवृत्ती विकायची तर माझं नाव काढून विका, आणि नाव काढलंत तर मी कोर्टात जाईन, असं दोन्ही लिहिलं. ते फोनवर खूप ओरडले. मग घसा बसला त्यांचा. गठ्ठे गोदामात परत गेलेत. आता ते माझ्याशी बोलत नाहीत. शेजारच्या बाई रोज भाजी आणून देतात, पण आत येत नाहीत.

आणखी एक केलं. ती तीन पानं मराठीत केली, जशी आहेत तशी. कार्यक्रमाआधीच सुरू केलं होतं, आठ दिवस लागले. छापणारं कुणी मिळेल न मिळेल. सोबत पाठवते. मला माफ कर असं मागत नाही. पण तुझं जर्मन आता माझ्यापेक्षा चांगलं आहे, आणि मला स्वतःवर विश्वास राहिलेला नाही. मुळाशी ताडून बघशील का? कुठे सौम्य केलं असेल तर खूण कर.

मीना


अल दुहैल
२० एप्रिल २०२५

मावशी,

ताडून बघितलं. तीन वेळा. सौम्य कुठेही केलेलं नाहीस. एका ठिकाणी 'दोर' हवा, तू 'दोरी' लिहिलंयस. बाकी शब्द न् शब्द बरोबर आहे. वाचून झाल्यावर मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले. बाहेर धूळ उडत होती, तरी आत यावंसं वाटेना.

एकच सुचवते. 'बाईला झाडाला बांधण्यात आलं.' मुळात तसंच आहे, कर्मणी. तूच शिकवलंस मला, जर्मन माणसाला अंग काढून घ्यायचं असलं की तो कर्मणीत शिरतो. हुकूम त्याचा होता, हे आधीच्या पानावरून स्पष्ट आहे. मग आपण 'मी बाईला झाडाला बांधायला लावलं' असं करू या. त्याला वाक्यात ओढून आणू. एवढं तरी त्याला चुकवू देऊ नये.

राग आहे अजून. तरी तुझं पत्र दोनदा वाचलं. जेवतेस ना नीट?

रुचा


सांगली
२२ एप्रिल २०२५

रुचा,

'दोर' केलं.

दुसरं करणार नाही. तुझं म्हणणं पटतं, आणि हात शिवशिवतोही, पण म्हणूनच नको. एकदा मी त्याच्या पुस्तकात माझ्या पदरचं घातलं. आता चांगल्यासाठीही एक अक्षर घालणार नाही.

आणि गरजही नाही. तू त्या वाक्यावर थांबलीस, पुढचं त्याला लावून वाचलं नाहीस. तिथे तो स्वतःच आला आहे, कर्तरीत, कुणी न बोलावता. दोन्ही वाक्यं लागोपाठ आहेत, मध्ये परिच्छेदसुद्धा नाही. मी तशीच ठेवली आहेत:

'बाईला झाडाला बांधण्यात आलं. मी कॉफी मागवली.'

मीना